ती हळद चोळत नव्हती

माझी धाकटी बहीण हळद चोळत नव्हती. पलूसच्या बाजूला आमच्या गावात आजही साठी-सत्तरीतल्या बायका भेटतील आणि चोळायची म्हणून सांगतील, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय म्हणतील. त्यांनी बघितलं ते खोटं नाही. तिचे दोन्ही तळहात छातीपाशी एकमेकांवर घासत राहायचे. सकाळी डोळा उघडल्यापासून झोप लागेपर्यंत घासत राहायचे, मध्येच तोंडाकडे जायचे, पुन्हा खाली येऊन घासायला लागायचे. लग्नघरात हळकुंड हातात धरून बायका करतात, अगदी तसं. पण ती हळद चोळत नव्हती. हे एवढं वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही आणि पुढं कित्येक वर्षं आलं नाही. मी मुळात फार बोलणारी बाई नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहितेय, तर नावं कुणाचीच घालणार नाही. राग मात्र घालणार आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली ती जन्मली. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. वडील लष्करात होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि घरातल्या कशातच बोलायचे नाहीत. थोरला भाऊ आहे ना, मग झालं. हा थोरला भाऊ म्हणजे माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. ऊस आणि हळद अशी दोन्ही पिकं होती, तात्या शेती बघायचे, काकी घर बघायची, आणि आई त्या दोघांचं बघायची.

धाकटी दीड वर्षाची होईपर्यंत सगळं इतरांसारखं होतं. हे मी ठासून लिहितेय, कारण पुढं सगळे म्हणायला लागले की ती जन्मतःच तशी होती. ती ‘दे’ म्हणायची. ‘भू’ म्हणायची, म्हणजे पाणी. भाकरीचा तुकडा दोन बोटांत धरून कुरतडायची आणि उरलेला शेळीला द्यायला जायची. मग काही महिन्यांत हे सगळं एकेक करून गेलं. आधी ‘दे’ गेलं. मग तुकडा हातातून पडायला लागला. पडलेल्या तुकड्याकडे ती बघत राहायची, हात पुढं करायचा प्रयत्न करायची आणि हात भलतीकडेच, एकमेकांकडे जायचे. तो चेहरा मला आजही दिसतो. आपलंच कुणी ऐकेनासं झालं की माणूस असा बघतो.

गावानं दृष्ट काढली. मीठ-मिरच्या झाल्या, अंगारा झाला, वेखंड उगाळून जिभेला चोळून झालं. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, कुठं गेली, ग्रहणात विळी हातात घेतली का, याची चौकशी झाली. वडिलांनी कधी काय खाल्लं याची कुणी चौकशी केली नाही. असो.

देवीपण आलं ते असं. फाल्गुनात हळद शिजवून वाळायला पडली होती. ओसरीवर बायका हळकुंडं निवडायला बसल्या होत्या आणि आईनं धाकटीला मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या घरातली एक मुलगी होती, वय वाढलेलं, तीनदा लग्न जमता जमता मोडलेलं. चेष्टेत तिनंच दोन हळकुंडं धाकटीच्या तळहातांत सरकवली.

‘‘चोळ गं बाई, माजी हळद तूच चोळ. गावात कुणाला घाई न्हाई.’’

बायका हसल्या. धाकटीचे हात आपले घासतच होते, हळकुंडं दोनदा फिरली आणि खाली पडली. आणि त्याच पंधरवड्यात त्या मुलीचं जमलं. मुलगा फौजेतला, हुंड्याची मागणी काही नाही. झालं! तिची आई नारळ घेऊन आली आणि धाकटीच्या पायावर डोकं ठेवलं. काकी दारात उभी होती. काकीला मूलबाळ नव्हतं, गावात तिला हळदीकुंकवाला मागं बसवायचे. त्या दिवसापासून ती पुढं बसायला लागली. मी काकीला अजून माफ केलेलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय आलं होतं ते मी बघितलंय, म्हणून तेही लिहिलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी बायका यायला लागल्या. लग्न जमावं म्हणून, जमलेलं टिकावं म्हणून, मुहूर्ताची हळद आधी हिच्या हातून लागावी म्हणून. पैसे कुणी मागितले नाहीत, कुणी दिलेही फारसे नाहीत. पैशाचा धंदा असता तर मला सोपं गेलं असतं. एकेकाला चोर म्हणता आलं असतं. सगळ्या भाविक होत्या. पाच वर्षांच्या पोरीला पाटावर बसवून, मागून काकीनं धरून, तिच्या हातात ओली हळद घालायची आणि ‘आई, आई’ म्हणून तिच्यापुढं वाकायचं, आणि तिला तहान लागली असेल का हे एकीनंही विचारायचं नाही. वेडी म्हणा नाहीतर देवी म्हणा, सोय एकच. दोघींनाही काही विचारावं लागत नाही.

मला मात्र माहीत होतं. आता मूळ मुद्द्यावर येते.

धाकटी डोळ्यांनी बोलायची. तहान लागली की हंड्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग पुन्हा हंड्याकडे. मी मुद्दाम समजल्यासारखं केलं नाही तर डोळे मोठे करायची, रागवायची. एका हातात भाकरी आणि एका हातात गुळाचा खडा धरून मी तिच्यापुढं बसायचे, ती गुळाकडे बघायची. हात अदलाबदल केले की डोळे गुळामागं जायचे. यात योगायोग काय असणार? आणि आमचा दोघींचा एक खेळ होता. दुपारी तात्या आणि काकी दोघंही ओसरीवर आडवे झाले की मी तिच्या कानात विचारायचे, ‘‘घोरतं कोण गं?’’ ती सावकाश मान वळवून काकीकडे बघायची. तिथंच थांबायची. माझ्याकडे बघायची. आणि तिचे खांदे हलायला लागायचे. आवाज नाही, नुसते खांदे. कारण घोरायची काकीच, आणि सकाळी तात्यांना बोल लावायची. ही गंमत तिला कळत होती. ज्या पोरीला गावानं आधी वेडी ठरवलं आणि मग देवी ठरवलं, त्या पोरीला घरातलं कोण खोटं बोलतं हे कळत होतं.

आईलाही दिसत होतं. आई घरात बोलायची, पण आईचं बोलणं म्हणजे आईचं बोलणं, मनावर कोण घेतं.

मी सातवीत होते त्या वर्षी चोळून चोळून धाकटीच्या तळहातांची साल गेली. शुक्रवार होता. एक बाई लेकीच्या लग्नाची हळद वाटीत घेऊन आली होती. काकीनं ती धाकटीच्या हातात घातली. हात फिरायला लागले आणि पिवळ्यातून तांबडं वर आलं. ती बाई ओरडली, ‘‘आगं बया! हळदीचं कुकू झालं! आवं बघा की, कुकू झालं!’’ बाकीच्यांनी हात जोडले. हळदीच्या मुलखातल्या बायका त्या, हळदीला चुना लागला की ती लाल होते हे त्यांच्या पोरीबाळींनाही माहीत. चुना नव्हता, म्हणून चमत्कार. रक्त असेल हे सुचलं नाही.

आई चुलीपुढून उठून आली. तिनं धाकटीला पाटावरून उचललं, हात पाण्यात धरले, आणि डोक्यावरचा पदर न सावरता, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तात्यांशी थेट बोलली. एरवी दिराशी बोलायचं तर काकीमार्फत, ‘सांगा त्यास्नी’ असं.

‘‘मी हिला घिऊन माह्यारी जाणार. हितं न्हाई ठिवायची.’’

आईचं माहेर खंडाळ्याकडे, सातारा जिल्ह्यात. तात्या वाईट माणूस नव्हते, असं सगळे म्हणतात. ते म्हणाले, ‘‘जा की. पर लोक इचारतील, पोरीला काय त्रास हुता? तिला काय कळतंय व्हय त्रासाचं?’’

‘‘कळतंय तिला. समदं कळतंय. डोळ्यांनी सांगती ती.’’

‘‘तुला वाटतं तसं. आई हाईस.’’

‘‘मग डाक्टरला इचारा.’’

तात्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘‘बरं. सांगलीच्या डाक्टरला दावू. त्यो म्हणाला पोरीला कळतंय, तर ने तुज्या माह्यारी, मी आडवा येणार न्हाई. न्हाई म्हणाला, तर हा इषय पुन्ना काढायचा न्हाई.’’

आईनं हो म्हटलं. तिला वाटलं, शिकलेला माणूस आहे, बघेल.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी आईला विचारलं, ‘‘मीबी येणार न्हवं खंडाळ्याला?’’

‘‘तुजी शाळा हाय हितं. काकी हाय की तुला.’’

‘‘किती दिवस?’’

आईनं वेणीला पेड घातला आणि काही बोलली नाही. मला उत्तर मिळालं.

सांगलीला आम्ही चौघं गेलो, एसटीनं. गणपती पेठेच्या बाजूला गुळाचा वास, हमालांची गर्दी, आईच्या खांद्यावर धाकटी, तिचे हात फडक्यात गुंडाळलेले. दवाखाना एका खासगी डॉक्टरांचा होता, माडीवर. त्यांनी धाकटीला टेबलावर बसवलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, कानाजवळ टाळी वाजवली. ‘हात वर कर’ म्हणाले. तिनं केला नाही. ‘नाक दाखव’ म्हणाले. दाखवलं नाही. हात ऐकत नाहीत अशा मुलीला हातानं दाखवायला सांगितलं आणि दाखवलं नाही म्हणून कळत नाही असं लिहून घेतलं. ही परीक्षा मला आज आठवली तरी डोकं तापतं. पांगळ्याला पळायला लावून शहाणपण मोजण्यासारखं झालं हे.

आई म्हणाली, ‘‘साहेब, तिला डोळ्यांनी इचारा. ती बघून सांगती.’’

‘‘बाई, दिवा लावला तरी मूल बघतं. आईला वाटतंच असं.’’

‘‘न्हाई वो साहेब. पाणी पायजे तर हंड्याकडं—’’

त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं असणार, ही त्रयस्थ. आई हळवी, चुलता अडाणी, ही शाळेत जाणारी पोर खरं सांगेल.

‘‘बाळ, तू मोठी आहेस. खरं सांगायचं हं. ही तुझ्याकडे कधी काही मागते का? तिला बोललेलं कळतं?’’

मी म्हणाले, ‘‘नाही.’’

शाळेत बोलतात तसं, स्वच्छ म्हणाले. घरात मी ‘न्हाई’ म्हणायचे. त्या दिवशी कसं कोण जाणे, पुस्तकातलं आलं.

धाकटी माझ्याकडे बघत होती. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी मान वर केली असती तर मी खोटं बोलले हे त्यांना तिच्या तोंडावर दिसलं असतं. पण त्यांना साक्ष मिळाली होती. ‘‘मतिमंद आहे,’’ ते तात्यांना म्हणाले, ‘‘समज नाही. हात चोळते त्यानं जखमा होतात, तर कोपर वाकणार नाहीत असे पुठ्ठे बांधा.’’

आई माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीतून खाली बघत राहिले. तिनं धाकटीला उचललं. जिना उतरताना तात्या समजुतीच्या आवाजात म्हणाले, ‘‘झालं आता मनाचं समाधान?’’

पुठ्ठे बांधले गेले. आणि इथं मला जे लिहायचं आहे ते नीट वाचा: ते पुठ्ठे मंगळवारी आणि शुक्रवारी सोडायचे. आठवड्यातले इतर दिवस ती पोर दोन्ही हात ताठ करून बाहुलीसारखी बसायची, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. आणि बायका आल्या की काकी गाठी सोडायची, कारण देवी आहे. डॉक्टरही पाळला आणि देवीही पाळली. सगळ्यांचं समाधान झालं. आई बायका यायच्या आधी तिच्या तळहातांना खोबरेल चोपडून ठेवायची, तेवढंच तिच्या हातात होतं. मी शाळेतून आल्यावर धाकटी माझ्याकडे बघायची, हंड्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची. मी पाणी द्यायचे. घोरण्याचा खेळ मात्र मी पुन्हा खेळले नाही. विचारलं असतं आणि तिनं उत्तर दिलं असतं, तर मला ते सहन झालं नसतं.

दहा-अकराची झाल्यावर तिचे हात आखडले, पाठीला बाक आला. चोळणं कमी झालं तशा बायका कमी झाल्या. देवी गेली, असं म्हणाल्या. कुठं गेली हे विचारायला कुणी आत आलं नाही, ती आत चटईवरच होती. मग फिट्स सुरू झाल्या. विशी गाठली तिनं, आईच्या हातांनी, आणि मग वारली. मी तोवर लग्न होऊन गेले होते.

अलीकडची गोष्ट. एका नातेवाइकाच्या कामानं पुण्याच्या दवाखान्यात बसले होते. समोर एक सात-आठ वर्षांची मुलगी, हात छातीपाशी, एकमेकांवर. तिच्या आईच्या मांडीवर एक फळी होती, फळीवर चित्रं चिकटवलेली. ती विचारायची, ‘‘पाणी हवं की बाहेर जायचं?’’ मुलगी बाहेर जायच्या चित्राकडे बघायची. ‘‘थोडं थांब, मग जाऊ,’’ म्हणून आई पुन्हा पेपर वाचायची. इतकी साधी गोष्ट! मी उठून तिच्याजवळ गेले आणि विचारलं. तिनं मला आजाराचं नाव सांगितलं. ते एका परदेशी डॉक्टरचं नाव आहे आणि नावं घालणार नाही म्हटलंय, म्हणून राहू दे. मुलींनाच जास्त करून होतो. गर्भातच एका जनुकात चूक झालेली असते, बहुतेकदा आईबापाकडून आलेली नसते, अशी आपोआप झालेली. कुठल्या ग्रहणानं नाही आणि कुठल्या विळीनं नाही.

मग मी वाचायला लागले. माझं शिक्षण बारावीपर्यंत, पण मराठीत मिळालं ते वाचलं आणि इंग्रजीतलं मुलाकडून समजून घेतलं. तान्ह्या मुलाच्या मेंदूत पेशी एकमेकींना फांद्यांनी जोडत असतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग मूल बघतं, ऐकतं, पकडतं, तशी वापरातली जोडणी पक्की होते आणि बिनवापराची छाटली जाते. उसाला पाणी देताना दारं धरतात, एका सरीत पाणी पुरं झालं की ती बंद करून दुसरी फोडतात. मला ते तसंच वाटलं. या मुलींत दारं धरणारंच नीट काम करत नाही. पेशी असतात, पण त्यांच्या फांद्या खुरटतात, जोडण्या कमी पडतात, हुकमाची वाट हातापर्यंत धड पोचत नाही. हात मग आपलंच एक वर्तुळ गिरवत बसतात. पण पेशी मरत नाहीत. हे वाक्य मी मुलाला तीनदा वाचायला लावलं. उंदरांमध्ये ती चूक मोठेपणी दुरुस्त केली तर बरीचशी लक्षणं मागं फिरली, असंही त्यानं वाचून दाखवलं. माणसांचं अजून तसं झालेलं नाही. मला औषधाचं काही नाही. मला एवढंच कळलं, की आत कुणीतरी होतं, पूर्ण वेळ होतं, आणि आम्ही बाहेर बसून आरत्या करत होतो.

त्या सांगलीच्या डॉक्टरांना आजाराचं नाव माहीत नव्हतं, याचा मला राग नाही. तेव्हा ते जगात फार कुणाला माहीत नव्हतं. राग याचा आहे, की दिवसरात्र सांभाळणाऱ्या बाईचं ऐकायचं नाही आणि बारा वर्षांच्या पोरीचा एक शब्द पुरावा धरायचा. आणि त्या पोरीचाही राग आहे. भीती होती, आई जाईल म्हणून. पण भीती होती हे कारण झालं, त्यानं काही पुसलं जात नाही.

गेल्या महिन्यात आईला सगळं सांगितलं. ऐंशीच्या पुढं आहे ती, ऐकायला कमी येतं, म्हणून मला माझी कबुली मोठ्यानं, जवळजवळ ओरडून द्यावी लागली. ‘‘आई, मी खोटं बोलले होते. सांगलीत. मला माहीत होतं तिला कळतंय.’’

आई शेंगा फोडत होती. म्हणाली, ‘‘ठावं हाय मला.’’

‘‘कवापासनं?’’

‘‘तवाच की. खरंच दिसत नसतं तर तू इचारलं असतंस, डोळ्यांनी म्हंजे कसं? तू लगीच न्हाई म्हणालीस. मनात म्हणलं, बरं झालं, हिलाबी दिसतंय.’’

मला रडू आलं. वाटलं, आता ती म्हणेल, लहान होतीस, जाऊ दे. माझी तशी तयारीच झाली होती म्हणा.

आईनं शेंग खाली ठेवली. आवाज एकदम चढला, इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

‘‘डाक्टरपुढं भ्यालीस, ते सोड. त्यो परका. पर घरी आल्यावर? मला एकटीला तरी सांगायचंस. मी रोज वाट बघायची, आज बोलंल, उद्या बोलंल. तू बोलली असतीस तर डाक्टर न्हाई, तात्या न्हाई, कुणाला इचारलं नसतं मी. दोघींनाबी घिऊन गेले असते.’’

‘‘दोघींना?’’

‘‘मग काय! एकटीला ठिऊन जाणार हुते व्हय तुला?’’

‘‘तू तसं म्हणाली नव्हतीस, आई.’’

‘‘तू इचारलं न्हाईस.’’

विचारलं होतं. वेणी घालताना विचारलं होतं, आणि ती गप्प बसली होती. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती पुन्हा शेंगा घ्यायला गेली आणि त्या तिच्या हातातून पडायला लागल्या. मी टोपली माझ्याकडे ओढून घेतली.